पातालपाणीच्या घाटात वाफेचं इंजिन आणावं का?

कलाकंदवाला (धागा सुरू)

गेल्या रविवारी पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन इंदूरजवळच्या पातालपाणी–कालाकुंड हेरिटेज गाडीनं गेलो. मोठ्या काचांचे डबे, बोगदे, दरी, आणि कालाकुंडच्या फलाटावर पळसाच्या पानावरचा कलाकंद. सगळं झकास. पुढे मात्र डिझेल. पुतण्यानं विचारलं, "काका, यात हेरिटेज काय?" उत्तर सुचेना, म्हणून मी आणखी कलाकंद घेतला.

25 डिसेंबर 2018 ला ही गाडी सुरू झाली तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे. इथे वायपी आणा. मीटर गेजचं वाफेचं एक्सप्रेस इंजिन, 4-6-2 (पुढे चार लहान चाकं, मधे ओढणारी सहा, मागे दोन), ओढणारी चाकं साडेचार फुटी. अशी 871 बनली, शेवटची जमशेदपूरला टेल्कोत. तुकोजीराव होळकरांनी (दुसरे) एक कोटी रुपये कर्ज दिलं म्हणून खंडवा–इंदूर हा रूळ पडला. त्याच मार्गाचा हा घाटाचा तुकडा तेवढा जपायचा ठरलाय, तर त्यावर वाफ नको का? चौथऱ्यावर चढवलेलं इंजिन जपलेलं नसतं, पुरलेलं असतं. आत साचलेल्या पाण्यानं बॉयलर कुजतो आणि बाहेरून दर 26 जानेवारीच्या आधी काळा रंग फासतात. एका ठिकाणी तर पाण्याच्या पातळीची काचसुद्धा रंगवलेली पाहिली मी!

चौथा आस

भावना पोचल्या, पण इंजिन चुकीचं निवडलंत. वायपी सपाटीवर पळायला केलेलं. कालाकुंडहून वर येताना चढ चाळिसास एक आहे, म्हणजे चाळीस फुटांत एक फूट. हिशेब करू. पाच डबे, तीस-तीस टनांचे धरा. टेंडरसकट (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) इंजिन शंभराच्या घरात. म्हणजे अडीचशे टन. नुसत्या चढाला सव्वासहा टन ओढ लागते, वळणं आणि घर्षण धरून सात-साडेसात. वायपीची ओढणारी चाकं तीन आसांवर, प्रत्येकी साडेदहा टनांच्या आसपास. कोरड्या रुळावर त्यातला पाव भाग पकड मिळते, म्हणजे आठाच्या आत. कागदावर जमलं. आणि लोक गाडीला गर्दी कधी करतात? श्रावणात, धबधबा बघायला. ओल्या रुळावर पकड पाचाखाली येते. चाकं जागच्या जागी फिरतील आणि तुमचे पाहुणे बोगद्यात धूर खात बसतील.

चार आसांचं वायजी, 2-8-2, हे घाटाचं जनावर. मालगाडीचं म्हणून कुणाला त्याचं कौतुक नाही, एवढंच.

सियागंज

भिया, इंजिन कोणतं पण आणा, कलाकंद बंद नाही झाला पाहिजे 😄

कलाकंदवाला

@चौथा आस, हिशेब मान्य. पण पाच डबे कुणी सांगितले? तीन लावा, ओढ साडेपाच-सहावर येते. रुळावर सोडायला वाळूची पेटी असतेच. शिवाय पूर्वीही घाटात मागून दुसरं इंजिन लावत, तसं आजचं डिझेल मागे लावा.

आणि एक्सप्रेस इंजिनाची मजा वेगातच असते असं कुठे आहे? ब्रिटनमधल्या हेरिटेज लाइनींवर साधारण ताशी 40 किलोमीटरचीच मर्यादा असते, तरी शंभरी गाठलेली इंजिनं तिथे धावतात आणि लोक तिकिटं काढून बसतात. साडेचार फुटी चाक, एका फेरीला धुराड्याचे चार हुंकार. ताशी 15 नं चढताना सेकंदाला जेमतेम चार येतात, कान देऊन मोजता येतात. ताशी 75 ला नुसती घरघर. इंजिन किती ताकद लावतंय हे चढावरच ऐकू येतं.

खासगी टीप: वायजी आलं तरी मी पहिल्या डब्यात असेन.

बॉयलर_बाबा

कोळशावरचे बॉयलर चालवण्यात अख्खी नोकरी गेली, रेल्वेत नाही, कारखान्यात. तुम्ही दोघं चाकांवर भांडताय, पण खर्च चाकांचा नाही. थंड बॉयलर घाईनं तापवला की मारला. आदल्या रात्री भट्टी पेटवायची, हळूहळू चढवायचं, मग सकाळी गाडी. भट्टीची आतली पत्र्याची पेटी आणि बाहेरचं कवच वेगवेगळं फुगतं, मधले स्टे (दोन्ही पत्रे जोडणारे दांडे) ताणले जातात. रोज चालणारं इंजिन गरमच राहतं. फक्त शनिवार-रविवार चालणारं दर आठवड्याला थंड, गरम, थंड. स्टे तुटतात, नळ्यांची तोंडं गळतात. दोन तासांच्या फेरीसाठी दोन दिवस माणसं गुंतवायची. ते माणूसबळ कुठून आणणार ते सांगा, मग वायपी-वायजी बोलू.

ओटल्यावरची

मी संग्रहालयात काम केलंय, म्हणून विरोधी बाजूनं. चालवणं म्हणजे झिजवणं. चालवत ठेवलेल्या इंजिनात मूळ किती उरतं? ब्रिटनचं 'फ्लाइंग स्कॉट्समन' इंजिन 1923 चं, 2016 मध्ये 42 लाख पौंड ओतून पुन्हा रुळावर आणलं. आयुष्यात त्याचे बॉयलर कितीदा बदलले! उलट तिथलंच 'मॅलार्ड' घ्या. 3 जुलै 1938 ला ताशी 203 किलोमीटर, वाफेचा विक्रम. त्याच धावेत मधल्या सिलिंडरच्या रॉडचं बेअरिंग तापून गेलं. 1988 नंतर ते चाललेलं नाही, यॉर्कच्या संग्रहालयात उभं आहे. त्याचा विक्रम काही कमी झाला का?

आणि आपल्याकडचं सांगायचं तर, चालू स्थितीतल्या 'फेअरी क्वीन'चेच सुटे भाग चोरीला गेले होते. छपराखाली, कुलपात, कोरडं ठेवा. एवढं जरी झालं तरी मी पेढे वाटेन.

कलाकंदवाला

@ओटल्यावरची ताई, 'फेअरी क्वीन' 1855 ची, आणि दुरुस्त होऊन 2017 मध्ये पुन्हा धावलीच की. झिजण्याचीच भीती असेल तर नवं बनवा. इंग्लंडात 'टॉर्नेडो' 2008 मध्ये नव्यानं बांधलं, कारण त्या जातीच्या 49 पैकी एकही उरलं नव्हतं. 2017 मध्ये चाचणीत ते ताशी 160 किलोमीटरला पोचलं. मूळ वायपी तुमच्या कुलपात, जुळं भावंड घाटात!

ओटल्यावरची

जुळ्याचा खर्च वर्गणीतून काढणार? आपल्या गल्लीच्या गणपतीची वर्गणी अजून पुरी झालेली नाही.

चौथा आस

राजस्थानात मारवाडहून खामलीघाटला जाणाऱ्या गाडीसारखं तरी करू नका, म्हणजे झालं. डिझेललाच वाफेच्या इंजिनाचा मुखवटा. ते बघण्यापेक्षा उघडं डिझेल बरं.

एक प्रश्न मात्र माझ्याच बाजूवर उलटतो. वायपी असो की वायजी, कालाकुंडला ते वळवणार कुठे?

बॉयलर_बाबा

वळवायचंच नाही. धुराडं कायम पातालपाणीकडे ठेवा. चढताना सरळ, उतरताना टेंडर पुढे. चढाकडे तोंड असलं की पाणी भट्टीच्या बाजूला झुकतं, भट्टीचा माथा बुडालेला राहतो. उलट तोंड करून घाटात माथा उघडा पडला तर काय होतं ते इथे लिहीत नाही, लोक जेवत असतील.

महू_२

हा धागा काल वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी मीटर गेजवर बारा वर्षं फायरमनचं काम केलंय, आता कमरेमुळे बसूनच असतात. खर्च, चाकं, यॉर्क, सगळं ऐकलं. मग मला स्वयंपाकघरातून मोठा पळा आणायला लावला आणि बसल्या बसल्या कोळसा कसा टाकायचा ते दाखवलं: आधी मागचे दोन कोपरे, मग बाजू, मध्यभागी कधीच ढीग नाही. आईचा तो वरणाचा पळा होता, ती ओरडली.

शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "ह्यांच्याकडे कोळसा कुठला येणार? माती असलेला असेल तर जाळीवर दगड धरतो, वाफ उतरते. आधी ते विचार."

तर विचारतोय.