प्री-डायबेटिसला आजार म्हणायचं का?

उंटावरचा शहाणा
उपाशीपोटी साखर १०४. तहान वाढलेली नाही, वजन उतरलेलं नाही, कुठे दुखत-खुपत नाही. तरी रिपोर्टवर आकडा ठळक छापून येतो आणि डॉक्टर म्हणतात, 'प्री-डायबेटिक आहात.' सकाळी धडधाकट निघालेला माणूस संध्याकाळी पेशंट होऊन घरी येतो.

माझं म्हणणं सरळ आहे. याला आजार म्हणू नये. आजार म्हणायचा तर काही त्रास तरी हवा, नाहीतर एखाद्या अवयवाला इजा तरी. इथे आहे ती पुढे डायबेटिस होण्याची शक्यता. शक्यतेलाच निदान म्हणायला लागलो तर निरोगी माणूस औषधालाही सापडणार नाही.

बरं, हद्द तरी पक्की आहे का? २००३ साली अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने खालची मर्यादा ११० वरून १०० वर आणली. जागतिक आरोग्य संघटनेने ११०च ठेवली. म्हणजे हाच १०४ एका तक्त्यात नॉर्मल, दुसऱ्यात प्री-डायबेटिस. तेच रक्त, तोच माणूस!

वॉर्डातली
साफ असहमत. 'त्रास नाही म्हणजे आजार नाही' हा नियम लावला तर वाढलेलं ब्लड प्रेशरही आजार ठरणार नाही. बीपी आहे हेच ज्यांना पक्षाघाताने कळलं, असे पेशंट मी पाहिलेत. लक्षण पेशंट सांगतो, पण बऱ्याच गोष्टी तपासणीतच सापडतात. टाइप २ डायबेटिस तर वर्षानुवर्षं गुपचूप असतो. काहींच्या डोळ्यांचे पडदे निदान होतं तेव्हाच खराब झालेले असतात.

आणि अनुभव सांगते. 'साखर जरा वर आहे, सांभाळा' असं सांगितलेला माणूस पुन्हा फिरकत नाही. नाव दिलं की फाइलवर नोंद होते, पुढच्या तपासणीची तारीख पडते.

कोपऱ्यातला
+१ शहाणे यांना. फॉर्मवर 'आधीचे आजार' असा रकाना असतो. तिथे हे लिहायचं की नाही, ते एकदा कुणीतरी ठरवून द्या.

स्टेथोवाला
@उंटावरचा शहाणा, शक्यता म्हणून सोडून देण्याइतकी ती किरकोळ नाही. अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमचे निष्कर्ष २००२ साली आले. तीन हजारांहून जास्त लोक, कुणालाही डायबेटिस नाही, पण साखर वाढलेली. एका गटाला वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायचा, असं लक्ष्य दिलं. त्यांच्यात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. जे हातात असताना रोखता येतं, त्याला नाव द्यायला का कचरायचं?

आकडेमोडे
५८ टक्के ऐकायला भारदस्त वाटतं. हेच शंभर माणसांवर मांडून बघा. तीन वर्षांत, काहीच खास न केलेल्या गटात साधारण २९ जणांना डायबेटिस झाला, व्यायामाच्या गटात साधारण १४ जणांना. फायदा खराच आहे, मी नाकारत नाही. पण काही न करताही ७१ जण त्या काळात डायबेटिसपर्यंत पोचले नाहीत, हे पेशंटला कुणी सांगतं का?

दुसरं जास्त महत्त्वाचं. त्या लोकांना ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजली होती आणि ती १४० ते १९९ मध्ये होती, म्हणून त्यांना निवडलं. सरासरी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ३४, म्हणजे लठ्ठच. निव्वळ उपाशीपोटी १०४ असलेल्या सडपातळ माणसाला तोच ५८ चा आकडा दाखवणं म्हणजे एकाचं माप दुसऱ्याला शिवणं.

कोपऱ्यातला
अवांतर : दक्षिण कोरियात सरसकट थायरॉइडची सोनोग्राफी सुरू झाली. १९९३ ते २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरची निदानं सुमारे १५ पट झाली, मृत्यूचं प्रमाण जिथल्या तिथे. शोधत बसलं की सापडतंच.

वॉर्डातली
ते उदाहरण इथे लागू नाही हो. तिथे निदानानंतर बहुतेकांची गाठ काढली, जन्मभराच्या गोळ्या मागे लागल्या. इथे निदानानंतर माणसाला चालायला सांगतात. चालण्याने कुणाचं काय बिघडलंय?

सांगण्याची पद्धत चुकते, हे मात्र मान्य. एका रिपोर्टवर शिक्का मारू नये. आठ तास उपाशी होता का, विचारावं. तपासणी पुन्हा करावी. एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ५.७ ते ६.४ आलं तर हिमोग्लोबिनही बघावं, कारण लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वर जाऊ शकतो. आणि रिपोर्ट पेशंटच्या हातात कोंबून 'नेक्स्ट' म्हणू नये.

उंटावरचा शहाणा
हे सगळं पटलं. तरीही 'आजार' शब्दाला माझा विरोध कायम, कारण त्या शब्दामागोमाग गोळी येते.

स्टेथोवाला
सगळ्यांना येत नाही, येऊही नये. त्याच अभ्यासात मेटफॉर्मिनचा फायदा बीएमआय ३५ च्या वर असलेल्यांत चांगला दिसला, साठीच्या पुढच्यांत जवळजवळ नाही. उलट व्यायाम आणि वजनाचा फायदा साठीच्या पुढच्यांतच सर्वात जास्त. त्यामुळे १०४ वाल्या सडपातळ आजोबांना कुणी थेट गोळी लिहून दिली, तर मी तुमच्या बाजूने भांडेन. फाइलवरचं नाव मात्र खोडणार नाही.