विषय: डिसेंबरात भारतात जाताना घर कसे बंद करून ठेवावे?

पहिले पत्र

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

आम्ही गेल्या जूनमध्ये शिकागोच्या पश्चिम उपनगरात आमचे पहिले घर घेतले. घर दुमजली आहे, खाली बेसमेंट आहे आणि गॅरेजच्या वर न्हाणीघरासह एक खोली आहे. धाकट्या नणंदेच्या लग्नासाठी आम्ही १४ डिसेंबरला पुण्याला निघत आहोत आणि १२ जानेवारीला परतणार आहोत. आजवर अपार्टमेंटमध्ये राहिल्यामुळे कुलूप लावून निघायचे, एवढीच तयारी आम्हाला ठाऊक आहे. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "पाण्याचे बघून जा." मात्र नेमके काय बघायचे, हे विचारण्याचा तेव्हा संकोच वाटला. घरात कोणीच नसताना थर्मोस्टॅट पूर्ण बंद करून गॅसचा खर्च वाचवावा, असे आमच्या मनात आहे. ते योग्य होईल का, हे जाणकारांनी कृपया कळवावे.

आपली,
एक नवी सभासद

उत्तर

सप्रेम नमस्कार.

थर्मोस्टॅट बंद करू नका, हे सर्वांत आधी सांगतो. बाकीचे सविस्तर लिहितो, कारण या चुकीची किंमत आमच्या घराने मोजलेली आहे.

काही वर्षांपूर्वी आम्हीही असेच चार आठवडे भारतात गेलो होतो. थर्मोस्टॅट ५० अंश फॅरनहाइटवर ठेवला होता आणि गॅरेजवरच्या खोलीत कोणी राहत नाही म्हणून तिथली उष्ण हवेची जाळी व दार दोन्ही बंद केले होते. परत आलो त्या रात्री दार उघडताच घरात कुठेतरी पाणी वाहत असल्याचा आवाज आला. जेवणाच्या खोलीचे छत पोटासारखे फुगून खाली आले होते आणि बेसमेंटमध्ये घोट्याएवढे पाणी होते. फुटलेल्या नळीचा तुकडा मी अजून जपून ठेवला आहे. अर्ध्या इंचाच्या तांब्याच्या नळीला बोटाच्या पेराएवढी चीर आहे आणि तिच्या कडा तडकलेल्या शेंगेसारख्या बाहेर वळलेल्या आहेत. एवढ्याशा चिरेतून किती दिवस पाणी वाहिले, हे आम्हाला शेवटी पाण्याच्या बिलावरूनच कळले.

गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते. मात्र नळी बहुधा बर्फाच्या जागी फुटत नाही. बर्फाचा बूच बसला की त्याच्या आणि बंद नळाच्या मधले पाणी कोंडले जाते, बूच वाढत जातो तसा त्या कोंडलेल्या पाण्यावरचा दाब प्रचंड वाढतो आणि नळी तिथे फाटते. कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीलगतचा नळ थेंब थेंब वाहता ठेवतात, तो हा दाब निघून जावा म्हणून. थंड जागेतल्या, आवरण नसलेल्या नळ्यांसाठी बाहेरचे तापमान २० अंश फॅरनहाइटच्या खाली गेले की धोका सुरू होतो, असे इलिनॉय विद्यापीठात झालेल्या संशोधनातून पुढे आले. आपल्याकडे जानेवारीत २० अंश म्हणजे काहीच नाही. ३० जानेवारी २०१९ रोजी ओहेअर विमानतळावर पारा उणे २३ अंश फॅरनहाइटपर्यंत उतरला होता, हे येथील जुन्या सभासदांना आठवत असेल. गॅरेजवरची खोली खालून, वरून आणि तीन बाजूंनी थंडीला उघडी असल्यामुळे तुमच्या घरातही ती सर्वांत कच्ची जागा आहे. तिची जाळी व दार उघडे ठेवा आणि तिथल्या बेसिनखालच्या कपाटाची दारेही सताड उघडी ठेवा.

थर्मोस्टॅट कोणत्याही परिस्थितीत ५५ अंशांच्या खाली नेऊ नये, आणि असे कच्चे कोपरे असलेल्या घरात मी ६० अंशच सांगेन. बहुतेक विमा पॉलिसींमध्ये गोठून झालेल्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर घर उबदार ठेवण्याची वाजवी काळजी घेतलेली असावी किंवा पाणी बंद करून नळ्या रिकाम्या केलेल्या असाव्यात, अशी अट असते. निघण्यापूर्वी आपली पॉलिसी त्या दृष्टीने वाचून घ्या.

घर तापवणारी फर्नेस मात्र यंत्र आहे आणि यंत्र बंद पडू शकते. म्हणून सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे घराचे पाणी मुख्य व्हॉल्व्हपाशी बंद करणे. आमच्या घरी तो बंद असता, तर नळी फुटूनही तिच्यात उरलेले बादलीभर पाणीच सांडले असते. आपल्या भागात हा व्हॉल्व्ह बहुधा बेसमेंटमध्ये, रस्त्याच्या बाजूच्या भिंतीशी, पाण्याच्या मीटरच्या आसपास असतो. तो आजच शोधून त्याला रंगीत चिठ्ठी बांधा आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दाखवा.

निघण्याच्या दिवशी आधी पाणी तापवण्याच्या टाकीची कळ 'व्हेकेशन'वर किंवा पायलटवर आणा, मग मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, वरच्या मजल्यावरचे सर्व नळ उघडा आणि शेवटी बेसमेंटमधल्या धुण्याच्या सिंकचा नळ उघडा, म्हणजे नळ्यांतले पाणी उताराने निघून जाईल. संडासाच्या टाक्याही एकेकदा ओढून रिकाम्या करा. फर्नेसला ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारे यंत्र, जोडलेला असेल, तर त्याचे पाणीही बंद करा. परत आल्यावर क्रम उलटा ठेवा. आधी पाणी सोडून सर्व नळांतली हवा जाऊ द्या, टाकी भरल्याची खात्री करा आणि मगच तिची आच वाढवा. ज्यांच्याकडे गरम पाण्याच्या रेडिएटरची व्यवस्था किंवा आग विझवणारे फवारे आहेत, त्यांनी मात्र आपल्या प्लंबरला विचारल्याशिवाय मुख्य व्हॉल्व्हला हात लावू नये.

बाहेरच्या नळांचे काम डिसेंबरची वाट न पाहता ऑक्टोबर सरण्यापूर्वीच उरकावे. बागेची रबरी नळी सोडवून आत आणून ठेवा, आतला छोटा व्हॉल्व्ह बंद करा आणि बाहेरचा नळ उघडून ठेवा. आमचा नळ न गोठणाऱ्या जातीचा आहे, असे म्हणून पुष्कळ जण हे टाळतात. त्या नळाचा खरा पडदा भिंतीच्या आत उबेत असतो आणि पुढची नळी रिकामी होते म्हणूनच तो गोठत नाही. रबरी नळी लावून ठेवली की पाणी आतच राहते आणि तोही फुटतो. अशी फूट हिवाळ्यात दिसत नाही. मे महिन्यात झाडांना पाणी घालायला नळ सोडला की भिंतीच्या आत कारंजे उडते.

कोकणात आमच्या आजोळी मे महिन्यात आगोटीची तयारी चाले. कौले शाकारायची, पन्हळी साफ करायच्या, झड येणाऱ्या बाजूला झापे बांधायची. येथील ऑक्टोबर म्हणजे आपली आगोटच आहे, आणि गटर म्हणजे पन्हळच. पाने पडून संपली की गटर साफ करा. त्याच्या उभ्या नळीचे पाणी पायापासून निदान ४ ते ६ फूट दूर पडेल असा जोड लावा, नाहीतर ते पाणी मुरत मुरत बेसमेंटमध्ये येते. छताच्या कडेला बर्फाचे जाड बांध बसण्याचे मूळ कारण मात्र वेगळे आहे. घरातली ऊब ॲटिकमध्ये, म्हणजे छताखालच्या माळ्यावर जाऊन छतावरचे हिम वितळवते आणि ते पाणी थंड कडेशी येऊन पुन्हा गोठते. त्यावर ॲटिकच्या फटी बुजवणे आणि आवरण वाढवणे हाच खरा उपाय आहे, पण ते काम परत आल्यावर करा.

बेसमेंटमध्ये सम्प पंप, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात साचणारे पाणी बाहेर टाकणारा पंप असेल, तर त्या खड्ड्यात हळूहळू बादलीभर पाणी ओता. तरंगता गोळा वर आला की पंप सुरू व्हायला हवा आणि पाणी ओढून झाले की आपोआप थांबायला हवा.

आपला नम्र,
एक जुना सभासद

पुरवणी

सर्वांना नमस्कार.

काकांनी लिहिलेले आमच्या घरी छापून फर्नेसशेजारी लावले आहे. त्यात दोन-तीन गोष्टींची भर घालते.

अलीकडच्या बहुतेक कार्यक्षम फर्नेसचा धूर चिमणीतून न जाता घराच्या बाजूच्या भिंतीतून निघालेल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्यांतून जातो. मोठ्या वादळात त्यांच्यासमोर हिमाचा ढीग साचला की फर्नेस बंद पडते, आणि कधी धूर घरात कोंडण्याचा धोकाही असतो. म्हणून शेजाऱ्यांना नुसती किल्ली देऊ नका. सोबत फिरून या नळ्या आणि मुख्य व्हॉल्व्ह दोन्ही दाखवा. इलिनॉयमध्ये १ जानेवारी २००७ पासून प्रत्येक झोपण्याच्या खोलीपासून १५ फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र असणे कायद्याने बंधनकारक आहे. जुन्या मालकांनी लावलेल्या यंत्रावरची तारीख नक्की बघा, कारण ही यंत्रे काही वर्षांनी निकामी होतात. निघण्यापूर्वी फर्नेसचा फिल्टरही बदला. त्याच्या कडेवरचा बाण फर्नेसच्या दिशेने असला पाहिजे.

बेसमेंटच्या जमिनीतील मोरीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर खाद्यतेल ओता. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत मोरीच्या वळणातले पाणी आटते आणि परतल्यावर घरभर गटाराचा वास येतो. तेलाच्या तवंगामुळे ते आटणे बरेच कमी होते. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये मात्र तेल किंवा तूप कधीही ओतू नका. तूप थंड नळीत थिजते आणि त्यावर भाताची शिते बसून पक्का बोळा होतो. जाण्यापूर्वी फ्रिज रिकामा करताना ही चूक हमखास होते.

टपाल खात्याकडे जास्तीत जास्त ३० दिवस टपाल थांबवून ठेवता येते. तुमचा मुक्काम त्यात बसतो.

आपली,
मंडळातलीच एक ताई

आभार आणि एक शंका

काका, ताई, आपण दोघांनी एवढा वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघांनी बॅटरी घेऊन मुख्य व्हॉल्व्ह शोधला. तो जुन्या पद्धतीचा, गोल चाकाचा आहे. चाक मोठ्या कष्टाने फिरले, पण पूर्ण बंद करूनही खालच्या सिंकच्या नळातून अर्ध्या तासाने बारीक धार येतच होती, आणि आता चाकाच्या दांड्यापाशी थेंब जमू लागले आहेत. पान्याने अजून आवळून बघावे का?

उत्तर

चाकाला पान्याने मुळीच जोर लावू नका. जुन्या व्हॉल्व्हमधली पट्टी गाळाने झिजली की तो पूर्ण मिटत नाही, आणि जास्त जोर लावला तर दांडाच तुटून हातात येतो. दांड्यापाशी जमणारे थेंब त्याच्याभोवतीचे नट अगदी थोडेसे, म्हणजे एका फेऱ्याच्या आठव्या भागाएवढे आवळल्यावर बहुधा थांबतात. तेवढे करून बघायला हरकत नाही.

धार मात्र तशी थांबणार नाही. परवानाधारक प्लंबरकडून तिथे दांडीचा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. त्याची दांडी नळीला आडवी असली की पाणी बंद, हे लांबूनही दिसते आणि शेजाऱ्यांनाही फोनवर सांगता येते. जुना व्हॉल्व्ह काढण्यासाठी पाणी रस्त्याकडेच्या जमिनीतल्या बी-बॉक्समधून, म्हणजे घराकडे येणाऱ्या नळीवरच्या व्हॉल्व्हच्या पेटीतून, बंद करावे लागेल. ते काम नगरपालिकेची माणसे करतात, म्हणून प्लंबरची आणि त्यांची वेळ एकाच दिवशी जुळवून घ्या. थँक्सगिव्हिंगनंतर या लोकांच्या वेळा मिळणे कठीण होते, तेव्हा याच आठवड्यात फोन करा.

शनिवारी सकाळी मला सवड आहे. आपली हरकत नसेल, तर मी येऊन गॅरेजवरची खोली आणि पंप आपल्याबरोबर बघेन, आणि आपण नसताना आठवड्यातून एकदा घरात फेरीही मारेन. किल्ली त्याच दिवशी द्यावी.

आपला नम्र,
तोच जुना सभासद