काचेच्या बरणीत ताक थंड आणि चहा गरम कसा ठेवायचा? नागपूरच्या उन्हात काहीच टिकून नाही राहिलं

मानेवाड्याची_ताई:
मी रोज सकाळी स्कुटीनं मानेवाड्याहून हिंगणा एमआयडीसीत जाते आणि सोबत ताक नाहीतर पन्हं नेते, लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत. फ्रिजमधून काढून वरून बर्फ टाकला तरी जेवायच्या सुट्टीपर्यंत पार कोमट होऊन जाते, ताक तर आंबूनच जाते. प्लास्टिक मला नको, अन् स्टीलच्या बाटलीत पन्ह्याची चव मला आवडत नाही. संध्याकाळी याच्या उलटं, मामी मेडिकलमध्ये भरती आहे, तिच्यासाठी आल्याचा कोरा चहा नेते अन् तो तिथं पोचेपर्यंत थंड. आता जुन्या ओढणीत बरणी गुंडाळून नेऊन राहिली, पण फरक फारसा नाही. बरणीला घरच्या घरी काय गुंडाळावं?

वर्धा_रोडवाला:
ताई ओला कपडा गुंडाळा ना! आमचे आजोबा छागल न्यायचे शेतावर, जाड कॅनव्हासची पिशवी, पाणी झिरपत राहते अन् वारा लागला की गार. मी बरणीले ओलं फडकं बांधून गाडीले लटकवतो, मस्त काम होते.

लॅबमधला_दादा:
भाऊ, छागल पाण्यासाठी एक नंबर आहे, पण ताईंचं ताक फ्रिजमधलं आहे, तिथंच सगळा फरक पडतो. पाण्याची वाफ होताना उष्णता ओढली जाते म्हणून ओलं फडकं गार होते, पण 44 डिग्रीच्या कोरड्या उन्हातही ते फार तर 24-25 पर्यंत उतरणार. त्यामुळे साधं पाणी गार होईल, पण 5-6 डिग्रीचं ताक त्याहून गरम फडक्यात तापतच जाईल, आणि स्थिर हवेपेक्षा पाणी वीसपट तरी जास्त उष्णता वाहून नेते. जुलैत दमट हवा सुरू झाली की छागलीचाही तेवढा उपयोग नाही राहात.

ताई, तुम्हाला कोरडं आवरण पाहिजे. काचेतून उष्णता स्थिर हवेपेक्षा जवळपास 40 पट सहज जाते, म्हणून अडवायचं काम हवेलाच करू द्यायचं. कापूस, लोकर, थर्माकोल यांत हवा अडकून बसते, हलत नाही, तेच खरं काम करते. ओढणी पातळ, तिच्यात हवा कितीशी थांबणार? अन् हीच खोळ चहालाही चालते, उष्णता बाहेरून आत येवो की आतून बाहेर जावो, अडवणारी वस्तू एकच. थर्मासमध्ये तर दोन भिंतींमधली हवाच काढून टाकलेली असते, 1892 मध्ये जेम्स ड्यूअरनं ती युक्ती काढली. घरी तसं जमणार नाही, पण खोळीनं बरंच काम होते.

गोधडी_शिवणारी:
मी अशा खोळी शिवते म्हणून सांगते. जुना लोकरीचा स्वेटर घ्या, त्याची बाही कापा, बरणी आत बसते बरोबर. त्याच्यावर गोधडीसारखे चिंध्यांचे दोनतीन थर टाकून सैल शिवा, घट्ट आवळून शिवलं की हवा दबते अन् मग काही फायदा नाही. बुडाला गोल तुकडा पाहिजेच, बायका बाजू शिवतात अन् बुड उघडं ठेवतात, मग बरणी गाडीच्या तापलेल्या डिक्कीवर टेकते अन् सगळी मेहनत वाया. झाकणासाठी वेगळी टोपी शिवा, पत्र्याच्या झाकणातून खूप उष्णता जाते. कापड हवं असेल तर गांधीबागेत कटपीस मिळतात. आणि खोळ धुतली की पूर्ण वाळवूनच वापरा.

लॅबमधला_दादा:
बुड अन् झाकणाबद्दल एकदम बरोबर. बरणी आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, चहासाठी गरम पाण्यानं खंगाळून घ्या, नाहीतर ताक-चहाची थोडी कमाई काचच खाते. आणि बरणी होईल तेवढी भरून न्या, अर्धी भरली की लवकर तापते. पण ताक बरणीतच गोठवू नका, पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगते, काच फुटेल.

मेडिकल_चौक:
एक काळजीचं सांगतो. लोणच्याची बरणी साध्या काचेची असते, उकळता चहा एकदम ओतला तर आतली काच फुगते, बाहेरची तशीच राहते अन् तडा जातो. बोरोसिलिकेट, म्हणजे गरम सोसणारी खास काच, साध्या काचेच्या तिसऱ्या हिश्शानंच फुगते म्हणून ती टिकते. साधी असेल तर आधी कोमट, मग गरम पाणी फिरवा, मग चहा. पेशंटच्या हातात देताना खोळीसकट द्या.

मानेवाड्याची_ताई:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद! माझ्या भावाचा जुना स्वेटर कापला, चिंध्यांचे तीन थर, बुडाला जाड तुकडा, झाकणाला टोपी. काल बरणी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी ताक भरलं अन् एक वाजता उघडलं तेव्हा बर्फाचे दोन तुकडे अजून तरंगत होते, सोबतच्या दोघी विचारून राहिल्या कुठून घेतली. संध्याकाळी चहा मामीनं फुंकर मारून प्यायला. आता फक्त एक लिटरच्या बरणीचं झाकण सैल आहे, रबराची रिंग सुटी कुठं मिळते इतवारीत?

गोधडी_शिवणारी:
कुकर-मिक्सर दुरुस्तीवाल्यांकडे विचारा, बरणीचं झाकण सोबत न्या मापाला.