मदत हवी आहे: कोएन्झाइम क्यू१० बनवायचे आहे, पण क्यू८ पाठ सोडत नाही

नमस्कार मंडळी,

नाशिकला एम.एस्सी. बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये दोन महिने एकाच जागी अडकले आहे. इथे मायक्रोबायॉलॉजी आणि फार्मावाले बरेच दिसतात, म्हणून विचारते.

विषय मी हट्टाने निवडला. बाबांना स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल कमी करणारी) गोळी सुरू झाली तेव्हा वाचले, की ज्या मेवॅलोनेट मार्गाने कोलेस्टेरॉल बनते त्याच मार्गाने शरीर क्यू१० ची, म्हणजे पेशीत ऊर्जा बनवायला लागणाऱ्या क्विनोन गटातल्या रेणूची, शेपटीही बनवते, आणि ही गोळी तोच मार्ग आवळते. तेव्हापासून हा रेणू डोक्यातून गेला नाही.

आपल्या क्यू१० ला आयसोप्रीनचे दहा मणी ओवलेली शेपटी असते. ई. कोलाय हा जिवाणूही क्विनोन बनवतो, पण शेपटी आठ मण्यांची, म्हणून तो क्यू८. लांबी ठरवणारे त्याचे जीन आयएसपी-बी. मी ग्लुकोनोबॅक्टर या दुसऱ्या जिवाणूचे डीडीएस-ए जीन, जे दहा मणी ओवते, प्लाझ्मिडवर (डीएनएच्या छोट्या वेगळ्या कड्यावर) ई. कोलायमध्ये घातले. आयपीटीजी या रसायनाने जीन चालू (इंड्यूस) केले, पेशींतले क्विनोन हेक्सेन-आयसोप्रोपॅनॉलमध्ये काढले (फॉइल गुंडाळून, उजेडात क्विनोन खराब होते) आणि ओळखीने अंबडच्या एका कंपनीत एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) २७५ नॅनोमीटरला पाहिले. क्यू१० चा पीक आला! मी तिथेच रडायची बाकी होते. पण शेजारी क्यू८ चा पीक त्याहून मोठा. दोन्ही जीनची एन्झाइम फार्नेसिल डायफॉस्फेट या एकाच कच्च्या मालावर हात मारतात, आणि घरचे एन्झाइम जिंकते.

म्हणून आयएसपी-बी काढून टाकायचे ठरवले, त्याच्या जागी कॅनामायसिन या प्रतिजैविकाला तोंड देणाऱ्या जीनची कॅसेट, म्हणजे बदल झालेल्या पेशीच त्या औषधाच्या प्लेटवर वाढतील. तीनदा केले. प्लेटवर एकही कॉलनी नाही. दुसरे एक जीन त्याच दिवशी, त्याच पेशींत नीट उडाले, म्हणजे हात चुकत नाही असे वाटते.

शिवाय शेपटीचा कच्चा माल वाढावा म्हणून तो बनवण्याची पहिली पायरी करणारे डीएक्सएस जीन दुसऱ्या प्लाझ्मिडवर दिले, तर वाढच खुंटली. क्विनोनचे कडे ज्यापासून बनते ते पॅरा-हायड्रॉक्सिबेंझोइक आम्ल मीडियममध्ये घातले, फारसा फरक नाही. कुणी यातून गेले आहे का?

प्रतिसाद १

आयएसपी-बी ई. कोलायला जगायला लागतेच. त्या शेपटीवर क्यू८ च नव्हे, मेनाक्विनोन हे त्याचे दुसरे क्विनोनही अवलंबून असते. ते काढताना डीडीएस-ए आधीपासून चालू हवे. तुमच्या नॉकआउटच्या (जीन काढण्याच्या) प्लेटमध्ये आयपीटीजी होते का? आणि ग्लुकोज? ग्लुकोज असेल तर लॅक प्रमोटर, म्हणजे आयपीटीजीने चालू होणारे जीनचे बटण, आणखी दबतो. डीएनए आत घालायला पेशींना शॉक दिल्यावरच्या रिकव्हरीच्या एका तासातही आयपीटीजी हवे.

धागाकर्ती

नव्हते! आयपीटीजी फक्त फ्लास्कमध्ये घालत होते. प्लेट नेहमीच्याच ओतल्या, वर ग्लुकोजही होते. आजच नव्याने ओतते.

प्रतिसाद २

डीएक्सएस तूर्त बाजूला ठेवा. पायरुव्हेट आणि ग्लिसराल्डिहाइड फॉस्फेट दोन्ही तिकडे ओढले गेले आणि पुढचे एन्झाइम कमी पडले, तर पेशी दमते. आधी क्यू८ घालवा, मग डीएक्सएस कमी कॉपीच्या प्लाझ्मिडवर, वाढ अर्ध्यावर आल्यावर इंड्यूस करून पाहा. हायड्रॉक्सिबेंझोइक आम्लाचा उपयोगही तेव्हाच कळेल, कारण आत्ता अडचण शेपटीची आहे, कड्याची नाही.

धागाकर्ती

ग्लुकोज काढून, आयपीटीजी घालून प्लेट केल्या. काल सकाळी ७ कॉलनी होत्या, पिटुकल्या, पण होत्या. पीसीआरमध्ये (डीएनएच्या तपासणीत) ४ मध्ये आयएसपी-बी गेलेले दिसते. अंबडला एचपीएलसीची वेळ गुरुवारी मिळाली आहे. एक शंका: या पेशी हळू वाढतात. ही नव्या शेपटीशी जुळवून घेण्याची वेळ, की आयपीटीजी कमी पडतंय? किती मात्रांत तपासू?