स्विफ्टला अलॉय टाकल्यापासून उजव्या चाकातून घरघर, बेअरिंग गेलं का?

अंबाजोगाईवाला: राम राम मंडळी. जुन्या स्विफ्टला अलॉय (हलक्या मिश्रधातूचे रिम) टाकले, ७ जे (रुंदी ७ इंच), ईटी २५ (रिमचा गाडीवर टेकणारा भाग रिमच्या मध्यापासून २५ मिमी बाहेरच्या बाजूला). आधीच्या रिमवर ५.५ जे, ईटी ४५ होतं. गाडी दिसते एक नंबर, पण ८० च्या पुढं स्टेअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग करूनही फरक नाही. आता रेणापूरहून येताना उजवीकडून घरघर येते, गाडी डावीकडं वळवली की जास्तच. दुकानदार म्हणतो, चार भोकं जुळली, मग अडचण काय?

काळं_रान: कंपनीचे रिम लावा परत, विषय संपला.

पाना_परभणी: भाऊ, दुखणी दोन आहेत, एकत्र करू नका.

थरथर आधी. स्विफ्टचा पीसीडी ४ × १००, म्हणजे १०० मिमीच्या वर्तुळावर चार भोकं, आणि हबचा (चाक ज्यावर बसतं तो भाग) मधला उंचवटा ५४.१ मिमी. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक बहुतेक ७३.१ असतं, म्हणजे सगळ्या गाड्यांना चालावं. ही फट भरणारी रिंग नसेल तर चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यात बसतं. जॅकवर एक नट आधी आवळला की तेवढंच सरकतं. मशीनवर बॅलन्स केलेलं चाक गाडीवर तिरकं बसलं तर बॅलन्सिंगवाला तरी काय करणार?

घरघर ही ईटीची. ४५ चं २५ केलं म्हणजे चाकाचा मध्य २० मिमी बाहेर. रुंदी धरली तर बाहेरची कड जवळपास ३९ मिमी बाहेर आली. बेअरिंगमध्ये छर्र्यांच्या दोन ओळी असतात आणि कंपनी वजन त्या दोघींत वाटून जाईल असं बसवते. चाक बाहेर सरकलं की बाहेरची ओळ जास्त दबते. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात चालतं: भार २० टक्के वाढला तर आयुष्य ५८ टक्क्यांवर येतं. त्यात उसाच्या ट्रॅक्टरांनी उखडलेले आपले रस्ते, प्रत्येक खड्डा त्या लांबलेल्या दांड्यावर आदळतो.

तपासायचं असं. डावीकडं वळताना भार उजव्या चाकावर येतो, म्हणून संशय उजव्यावरच. गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. एकानं चाक हातानं फिरवायचं, दुसऱ्यानं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर बोटं ठेवायची. बेअरिंग गेलं असेल तर स्प्रिंगमधून किरकिर बोटांना लागते, कानाला काही ऐकू न येताही. मग चाक वर-खाली धरून हलवा. ढिलं लागलं तर गाडी लांब नेऊ नका. नवं बेअरिंग प्रेसवरच बसवून घ्या, हातोड्यानं ठोकलेलं टिकत नाही.

अंबाजोगाईवाला: दादा, स्प्रिंगवर किरकिर लागली. पण रिंग तर प्लास्टिकची असते, ती गाडीचं वजन पेलणार कशी?

पाना_परभणी: पेलायचंच नसतं तिनं. नट आवळताना चाक मध्यात धरणं, एवढंच तिचं काम. वजन पेलतं ते रिम आणि हब एकमेकांवर घट्ट दाबल्यामुळं होणारं घर्षण. म्हणून हबच्या तोंडावरचा काळा चिखल, गंज वायर ब्रशनं साफ करा. मध्ये चिखलाचा थर राहिला की तो नंतर दबतो आणि नट सैल होतात. नट समोरासमोरचे, टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना), गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला. गननं (नट आवळायच्या मशीननं) ताणलेला स्टड (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) दिसायला चांगला असतो आणि एक दिवस तुटतो. ५० ते १०० किमीनंतर परत एकदा आवळा.

बेअरिंग बदलून हेच अलॉय ठेवले तर पुढचंही लवकर जाईल, हे मनात धरा. ईटी ४० च्या आसपासचे बघा, भोक ५४.१ किंवा सोबत मापाची रिंग. स्पेसर (हब आणि रिममध्ये टाकायची जाड चकती) नकोच, स्टड १२ मिमीचा असतो, नट निदान तेवढा आत गेला पाहिजे, म्हणजे नऊ-दहा आटे. स्पेसर टाकला की तेच कमी पडतात.

आणि अलॉयवाल्यानं नवे नट दिले असतील तर कंपनीचे जुने डिकीत ठेवा. स्टेपनी लोखंडी रिमची आहे, तिला तेच लागतात.