उतारावर न्यूट्रल: आताच्या गाड्यांना लागू नाही
कोणीतरी लिहिलंय, कन्नड घाट उतरताना चाळीसगावपर्यंत गाडी न्यूट्रलला टाकायची, डिझेल फुकटात वाचतं. भाऊ, कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाड्यांत यात थोडंफार तथ्य होतं. आताच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत उलटं होतं. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) इंधन तोडतो, कारण चाकंच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रल केलं, किंवा नुसता क्लच दाबून धरला, की इंजिनाला चालू राहायला आयडलिंगपुरतं (ॲक्सिलरेटर न देता नुसतं चालू राहण्यापुरतं) इंधन लागतंच. म्हणजे वाचवायला जाता आणि उलट जाळत बसता. ज्यांच्या डॅशबोर्डवर चालू क्षणाचा ॲव्हरेज दिसतो त्यांनी धुळ्याजवळच्या लळिंग घाटाच्या उताराला गिअरमध्ये पाय काढून आकडा बघावा. इंजिन आयडलिंगच्या जवळ आलं की इंधन परत सुरू होतं, त्यामुळे अगदी रखडत आणू नका. शिवाय न्यूट्रलमध्ये इंजिन ब्रेकिंग (गिअरमधलं इंजिन गाडीचा वेग आवरतं ते) जातं, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि घाटात ब्रेक तापले की पुढचं सांगायला नको. काही जण तर इंजिनच बंद करतात! मग ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या बूस्टरचा जोर संपला की ब्रेक दगडासारखा लागतो, पॉवर स्टिअरिंगही जड होतं.

पुढची गाडी, गतिरोधक, फाटा लांबून बघून पाय आधीच काढणं, खरी बचत तिथे आहे. शेवटच्या क्षणी कचकन ब्रेक मारणारे त्याच डिझेलची उष्णता करतात. एसी बंद ठेवायचा सल्ला देणाऱ्यांनी मात्र मे महिन्यात भुसावळ-धुळे करून दाखवावं.