आईचा आमवात आणि मामावरचा राग: खरंच काही संबंध आहे का?

येळ्ळूरची लेक
आई ६१ वर्षांची, सहा वर्षं आमवात. सकाळी तासभर बोटं मिटत नाहीत. भाकरी थापणं सुटलं, चहाचा कप दोन्ही हातांनी धरते.

बारा वर्षांपूर्वी मामानं ‘पीककर्जाला सही लागते’ म्हणून एका कागदावर तिची सही घेतली. कागद कानडीत, आईची शाळा मराठी चौथी. ते हक्कसोडपत्र होतं हे उताऱ्यावरनं नाव गेल्यावर कळलं. तेव्हापासून ती माहेरच्या दारात गेलेली नाही. गणपतीलासुद्धा नाही.

मागच्या महिन्यात भजनातल्या एक काकू सांगून गेल्या, “मनातलं विष सांध्यात उतरलंय. भावाला माफ करा, गोळ्या लागायच्या नाहीत.” आईनं मला न सांगता रविवारची गोळी बंद केली. चार रविवारच्या गोळ्या तांदळाच्या डब्यामागं सापडल्या. वर रडते, “माफ करायला बघूलालोय गं, पण होईना.” म्हणजे आता दुखण्याचा दोषही तिचाच!

रागानं असले आजार होतात का? जाणकारांनी सांगा. प्रवचन नको.

खानापूरची सिस्टर (निवृत्त)
आधी गोळीचं. आठवड्यातनं एकदाची म्हणजे मेथोट्रेक्सेटच असणार. राहिलेल्या चार एकदम द्यायच्या नाहीत, रोज तर मुळीच नाही. आजच डॉक्टरांना फोन करून परत कशी सुरू करायची ते विचार.

आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उठते. आनुवंशिकतेचा वाटा असतो, धूम्रपानानं धोका वाढतो. मामावरच्या रागानं तो झाला असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण ताणानं दुखणं जास्त जाणवतं, झोप उडते, हे मी वॉर्डात रोज बघितलंय. अमेरिकेत ओहायोमध्ये नवरा-बायकोंच्या हातावर मुद्दाम बारीक फोड उठवून बघितलं होतं, २००५ चा अभ्यास. एकमेकांशी फार कडवट वागणाऱ्या जोडप्यांच्या जखमा सावकाश भरल्या. तेव्हा मनाचा शरीरावर परिणाम होतो, हे खरं. त्यावरून गोळी बंद करायची, हे कुठनं आलं?

निपाणीकर
आमचे वडील तंबाखूच्या वखारीत. पोटात अल्सर. सगळे म्हणायचे, मालकाशी भांडून भांडून पोट जाळून घेतलंय. वर्षानुवर्षं थंड दूध आणि ‘शांत राहा’. मग तपासणीत निघाला जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शलनं १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन दाखवला होता. त्याला आणि रॉबिन वॉरनला २००५ चं नोबेल मिळालं. वडलांना दोन आठवडे अँटिबायोटिक दिली, अल्सर गेला. मालकाशी भांडण अजून आहे.

बांधावरचा
निपाणीकर, सगळंच जंतूवर ढकलू नका. माझी पण भावकीची केस चालू आहे. तारखेच्या आदल्या रात्री बीपी हमखास १६० च्या वर. २००१ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. ज्यानं दुखावलं त्याच्यावरचा राग मनात घोळवायला सांगितला की लोकांची नाडी आणि बीपी चढायचं, त्याला माफ करतोय अशी कल्पना करताना तेवढं चढायचं नाही. म्हणून मी आता रात्री केसचे कागद उघडत नाही. केस मात्र सोडली नाही. माफ करणं म्हणजे जमीन सोडणं नव्हे, हे काकूंना कुणीतरी सांगा. आणि ते हक्कसोडपत्र कानडी येणाऱ्या वकिलाकडनं एकदा वाचून घ्या.

येळ्ळूरची लेक
सिस्टर, फोन केला. डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं आणि आधीच्याच डोसनं सुरू करायला सांगितलं. काल रविवार, माझ्यासमोर घेतली. वखारीची गोष्ट वाचून दाखवल्यावर पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, “मग तुझ्या मामाचं सावकाश बघू की.”